पुतळा तोच, पेन्सिल कुणाची?

पुतळा समोर ठेवून काढलेलं चित्र म्हणजे नुसती कॉपी, असं वाटतं ना? अडीचशे वर्षांपूर्वी रोममध्ये वह्या घेऊन फिरणाऱ्या चार चित्रकारांची कामं शेजारी शेजारी ठेवून बघा. पुतळे त्याच शहरातले, पण प्रत्येकाच्या कागदावर वेगळंच काहीतरी उतरलंय. आणि त्या कागदांचा परिणाम पार मुंबईतल्या ड्रॉइंग हॉलपर्यंत आलाय.

फर्स्ट इयरची गोष्ट. आमच्या ड्रॉइंग हॉलच्या कोपऱ्यात एका स्टुलावर प्लॅस्टरचं डोकं होतं. ग्रीक तरुणाचं. नाकाचा शेंडा उडालेला, कानात वर्षानुवर्षांची धूळ. आम्ही सगळे डाँकीवर, म्हणजे पुढे बोर्ड टेकवायची सोय असलेल्या लाकडी बाकावर, घोड्यावर बसावं तसे बसून ते डोकं काढायचो. मी शहाणपणा केला. मोबाइलवर फोटो घेतला, घरी झूम करकरून चार संध्याकाळी शेडिंग घासलं. सबमिशनच्या दिवशी माझंच चित्र सगळ्यांत ‘रिअल’ दिसत होतं.

सरांनी बराच वेळ बघितलं. मग विचारलं, ‘‘नाकाशेजारची सावली एवढी काळी का केलीस?’’

‘‘तशीच होती, सर.’’

‘‘होती म्हणून केलीस, की तुला हवी होती म्हणून?’’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. राग मात्र आला. समोर आहे ते तसंच्या तसं काढलं, यात चुकलं काय? पुढे लायब्ररीत निओक्लासिकल, म्हणजे नवअभिजात काळातल्या ड्रॉइंग्जची पुस्तकं चाळताना कळलं, की सरांचा प्रश्न माझ्यापुरता नव्हता. तो फार जुना प्रश्न आहे.

सगळे रोमला का धावत होते?

अठराव्या शतकाच्या मध्यावर युरोपला प्राचीन ग्रीस-रोमचं वेड लागलं होतं. ज्वालामुखीच्या राखेखाली गाडली गेलेली शहरं वर येत होती. हर्क्युलेनियमचं उत्खनन १७३८ मध्ये सुरू झालं, पॉम्पेईचं १७४८ मध्ये. १७५५ मध्ये योहान विंकेलमान या जर्मन अभ्यासकाने एक छोटं पुस्तक काढलं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं, की मोठं व्हायचं असेल तर ग्रीकांचं अनुकरण करा. ग्रीक पुतळ्यांत त्याला शांतपणा आणि साधेपणा दिसला, आणि त्यांच्या बाह्यरेषेवर तर तो फिदाच होता.

मग काय, लंडन, पॅरिस, झ्युरिक, जिकडून तिकडून चित्रकार रोमला जाऊ लागले. व्हॅटिकनमधला अपोलो बेल्व्हेडेर, सापांच्या विळख्यात सापडलेला लाओकून आणि त्याची मुलं, हे पुतळे म्हणजे त्यांचा सिलॅबस. युरोपातल्या कला अकादम्यांत शिकण्याचा क्रमही ठरलेला होता. आधी छापील चित्रांवरून, मग प्लॅस्टरच्या साच्यांवरून, आणि शेवटी जिवंत माणूस समोर बसवून काढायचं.

यात एक गंमत होती. ज्यांना सगळे ‘अस्सल ग्रीक’ म्हणून डोक्यावर घेत होते, त्यातले बरेच पुतळे रोमन काळात केलेल्या नकला होत्या. मूळ ग्रीक पुतळे, त्यातही ब्राँझचे, बहुतेक नष्ट झालेले. म्हणजे ही मंडळी नकलेचीच नक्कल करत होती. तरीही त्यांनी जे कागदावर काढलं, त्याला नक्कल म्हणता येत नाही.

सावलीभोवतीची रेघ

त्या काळातल्या चित्रकारांना रोमन लेखक प्लिनीने सांगितलेली एक दंतकथा फार आवडायची. कॉरिंथमध्ये ब्युटाडीस नावाचा कुंभार होता. त्याच्या मुलीचा प्रियकर परदेशी निघाला होता. दिव्याच्या उजेडात त्याच्या चेहऱ्याची सावली भिंतीवर पडली आणि तिने त्या सावलीभोवती रेघ ओढली. पुढे बापाने त्या रेघेच्या आत माती भरून ती भाजली, आणि मातीचा मुखवटा तयार झाला.

गोष्ट खरी असेल-नसेल. पण त्यात रेषा, सावली आणि शिल्प या तिन्ही गोष्टी एकाच भिंतीवर येतात. आणि त्या मुलीने काय केलं, ते बघा. डोळे, केस, कातडीचा रंग, सगळं सोडून दिलं. तिला जायच्या आधी पकडून ठेवायचा होता तो फक्त आकार. तिने निवड केली.

आता आपल्या चार चित्रकारांच्या निवडी बघू.

फ्युझेली : ‘माझ्याच्याने नाही होणार’

हेन्री फ्युझेली हा स्विस चित्रकार १७७० ते १७७८ अशी आठ वर्षं रोममध्ये होता. त्याचं एक ड्रॉइंग आज झ्युरिकच्या कुन्स्टहाउस संग्रहालयात आहे. लाल खडू आणि वर तपकिरी शाईचा पातळ वॉश. त्यात एक प्रचंड दगडी पाऊल आहे. त्याच्या मागे आभाळाकडे बोट केलेला तेवढाच प्रचंड हात. सम्राट कॉन्स्टंटाइनच्या महाकाय पुतळ्याचे हे तुकडे रोमला कॅपिटोलाइन टेकडीवर आजही बघायला मिळतात. त्या पावलाशेजारी एक माणूस डोकं धरून बसलाय. चित्राचं नावच आहे, प्राचीन अवशेषांच्या भव्यतेपुढे हताश झालेला कलाकार.

असाइनमेंटच्या आदल्या रात्री असं बसलेलं कुणी तुमच्या ओळखीचं आहे का? मी तर आरशात बघितलंय.

पण नीट पाहिलं तर फ्युझेलीने पाऊल मोजूनमापून काढलेलं नाही. माणूस त्याच्यापुढे चिमुकला वाटेल, अशी सगळी मांडणी केलीय. वॉशमुळे दगड जड होतो आणि माणूस जवळजवळ विरघळतो. पुतळा ‘कसा आहे’ यापेक्षा ‘त्याच्यासमोर उभं राहिल्यावर माझं काय होतं’, हे त्याने काढलं.

दाविद : पुतळ्याला ‘मॉडर्न सॉस’

१७७४ मध्ये रोमची मानाची शिष्यवृत्ती मिळवून झाक-लुई दाविद पुढच्या वर्षी तिथे पोचला, तेव्हा तो सत्तावीस वर्षांचा होता. पाच वर्षांत त्याने पुतळे, उठावशिल्पं, थडगी, जे दिसेल ते काढलं. काळा खडू, पेन आणि वर करड्या शाईचा वॉश. हजारभर ड्रॉइंग्ज झाली असतील. पुढे ती आल्बममध्ये चिकटवून ठेवली, आणि तो आयुष्यभर त्यातून मुद्रा आणि कपड्यांच्या घड्या उचलत राहिला.

म्हातारपणी त्याच्या देलेक्लूझ या शिष्याने लिहून ठेवलेला एक किस्सा भारी आहे. दाविदने त्याला एक कागद दाखवला. एका बाजूला प्राचीन पुतळ्याचं डोकं, जसंच्या तसं. शेजारी तेच डोकं पुन्हा, पण भुवया जराशा आक्रसलेल्या, गालाची हाडं वर ओढलेली, तोंड किंचित उघडं. दाविद म्हणाला, दिवसा मी पुतळ्याची नक्कल करायचो आणि संध्याकाळी घरी येऊन तिला ‘मॉडर्न सॉस’ लावायचो. त्या वेळी त्याला ते हावभाव वाटायचे. पुढे मात्र तो त्याला चक्क तोंड वेडंवाकडं करणं म्हणू लागला.

म्हणजे फिल्टर लावायची हौस आपलीच नाही! फरक एवढाच, की दाविदने मूळ आणि फिल्टर लावलेलं, दोन्ही एकाच कागदावर ठेवलं. त्यामुळे आपण काय बदललं, हे त्याला दिसत राहिलं.

आणि हळूहळू त्याने सॉस कमी केला. बाह्यरेषा स्वच्छ, प्रकाश एकाच बाजूने, सावलीचे पट्टे सपाट. गोल, चहूबाजूंनी फिरून बघायचे पुतळे तो भिंतीवरच्या उठावशिल्पासारखे काढू लागला. १७८४ मध्ये रोमलाच रंगवलेलं त्याचं ‘होराशियसांची शपथ’ हे चित्र इंटरनेटवर शोधा. तिघे भाऊ ओळीत, बाजूने दिसणारे, मागे काळोख. आधीच्या वह्यांतली ती रेषाच तिथे मोठी होऊन उभी आहे.

फ्लॅक्समन : शेडिंगला सुट्टी

चौघांतला सगळ्यात हट्टी माणूस म्हणजे जॉन फ्लॅक्समन. लंडनमध्ये त्याच्या वडिलांचा प्लॅस्टरचे साचे करायचा व्यवसाय होता. म्हणजे हा अपोलो आणि व्हीनसच्या पांढऱ्या प्रतींमध्येच लहानाचा मोठा झाला. विशीत तो वेजवुड या मातीकाम कंपनीसाठी नक्षी करू लागला. निळ्या भांड्यावर उठून दिसणाऱ्या सपाट पांढऱ्या आकृत्या. १७८७ मध्ये तो रोमला गेला, आणि १७९३ मध्ये होमरच्या ‘इलियड’ आणि ‘ओडिसी’वरची त्याची चित्रं तिथेच तोम्मासो पिरोली याने तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापली.

ही चित्रं पहिल्यांदा बघितली तेव्हा मला वाटलं, अपुरी राहिली असावीत. शेडिंग नाहीच. मागे देखावा नाही, पायाखाली जेमतेम जमीन. पातळ, जवळजवळ सारख्या जाडीची रेघ आणि बाकी कोरा कागद. आजच्या भाषेत सांगायचं तर मिनिमल टॅटू.

फ्लॅक्समन स्वतः शिल्पकार होता, हे लक्षात ठेवा. वजन, खोली, गोलाई त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. तरी त्याने ते सगळं सोडून दिलं, कारण त्याच्या डोळ्यांसमोर पुतळ्यांइतकीच ग्रीक रंगीत भांडी आणि उठावशिल्पं होती. झोप आणि मृत्यू हे दोघे भाऊ सार्पेडॉन या योद्ध्याचं प्रेत वाहून नेतात, तो प्रसंग बघा. प्रेताचं ओझं दाखवायला एकही सावली नाही. लोंबणारं शरीर आणि उचलणाऱ्यांचे हात यांच्या रेघांतूनच ते ओझं कळतं.

जर्मन समीक्षक श्लेगेलने १७९९ मध्ये या चित्रांवर लेख लिहिला. त्याचा मुद्दा असा, की रेषा अर्धंच सांगते, म्हणून उरलेलं बघणाऱ्याची कल्पनाशक्ती भरून काढते. कवितेसारखं. ही चित्रं युरोपभर गेली आणि चित्रकारांनी ती समोर ठेवून काढलीही.

*चौकट : फ्लॅक्समन आणि तंजावरचे भोसले*

*फ्लॅक्समनचा एक धागा थेट मराठी राजघराण्याशी जुळतो. तंजावरचे सरफोजीराजे भोसले (दुसरे) लहानपणी ख्रिश्चन श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याच्या देखरेखीखाली शिकले. १७९८ मध्ये श्वार्ट्झ वारला. त्याच्या स्मारकाचं काम राजांनी लंडनला फ्लॅक्समनकडे दिलं. तंजावरच्या चर्चमध्ये ते संगमरवरी उठावशिल्प आजही आहे. मरणशय्येवरचा गुरू आणि त्याला भेटायला आलेले सरफोजीराजे. शिल्पाची भाषा ग्रीक-रोमन वळणाची, माणसं तंजावरची.*

प्रुदॉन : रेषा पुसून टाकणारा

आता बरोबर उलटं टोक. पिएर-पॉल प्रुदॉन हाही १७८० च्या दशकात रोमला होता. शिल्पकार कानोव्हाशी त्याची तिथे मैत्री झाली. पण त्याची ड्रॉइंग्ज बघताना आउटलाइन कुठे आहे, ते शोधावं लागतं.

त्याची रीत समजून घेण्यासारखी आहे. तो निळा कागद घ्यायचा. निळा हा मधला टोन. गडद भागासाठी काळा खडू, उजेडासाठी पांढरा, आणि मधलं सगळं काम कागदच करतो. आधी खडू घासून मऊ करायचा, मग शरीराच्या वळणाबरोबर जाणाऱ्या बारीक रेघा ओढायच्या. पांढऱ्या कागदावर आपण फक्त काळोख घालू शकतो. निळ्या कागदावर प्रुदॉन उजेडही घालतो.

तो जिवंत मॉडेल समोर ठेवून ही चित्रं काढायचा. तरी ती माणसं चांदण्यात ठेवलेल्या संगमरवरासारखी दिसतात. त्या काळात रात्री मशाली घेऊन पुतळे बघायला जायची फॅशन होती. हलत्या ज्योतीत दगड श्वास घेतोय असं वाटायचं. दाविदने पुतळ्याला माणसासारखे हावभाव दिले, प्रुदॉनने माणसाला पुतळ्याची शांतता दिली. दोघांनी दोन टोकांकडून सुरुवात केली.

पण पांढरं कुणी केलं?

इथपर्यंत सगळं छान. आता जरा अडचणीचा भाग.

ग्रीक आणि रोमन पुतळे मुळात पांढरे नव्हते. ओठ, डोळे, केस, कपड्यांचे काठ, सगळं रंगवलेलं असायचं. मातीखाली, उन्हापावसात रंग गेले, आणि उरलेसुरले रंग घासून ‘साफ’ करणारेही पुष्कळ निघाले. विंकेलमानला तर पांढरं शरीर जास्त सुंदर वाटायचं. १८१५ च्या सुमारास कात्रमेर द कँसी या फ्रेंच अभ्यासकाने ग्रीक शिल्पातल्या रंगांवर मोठा ग्रंथ काढला, तरी लोकांच्या मनातला पुतळा पांढराच राहिला. २००३ मध्ये म्युनिकला रंगवलेल्या प्रतिकृतींचं प्रदर्शन भरलं, तेव्हा भडक लाल-निळे देव बघून अनेकांना धक्काच बसला.

हा समज पसरायला ड्रॉइंग्जचाही हात लागला. फ्लॅक्समनचा कोरा कागद म्हणजे पांढरी त्वचा. दाविदचा करडा वॉश म्हणजे दगडाची सावली. कुणी खोटं बोललं नाही. पण रेषा आणि सावली यांनी रंगाला जागाच ठेवली नाही. आणि जे चित्र शेकडो प्रतींत छापलं जातं, वर्गात गिरवलं जातं, ते हळूहळू खरं होऊन बसतं.

ते आपल्याकडेही पोचलं. जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून १८५७ मध्ये मुंबईत सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झालं. युरोपातल्या अकादम्यांसारखंच इथेही प्लॅस्टरच्या ग्रीक-रोमन साच्यांवरून ड्रॉइंग शिकवायचे. हिशेब करा. ग्रीक मूळ, त्याची रोमन नक्कल, तिचा प्लॅस्टरचा साचा, आणि त्यावरून गिरगावातल्या पोराने काढलेलं चित्र. चौथ्या हातातून आलेलं सौंदर्य, तेही रंग उडालेलं, आणि वर सांगायचं की हेच आदर्श.

पण त्या पोरांचं नुसतं नुकसान झालं, असंही म्हणवत नाही. याच शाळेच्या जॉन ग्रिफिथ्स यांच्याबरोबर विद्यार्थ्यांनी १८७२ ते १८८५ या काळात अजिंठ्याला जाऊन लेण्यांतल्या चित्रांच्या नकला केल्या. पांढऱ्या प्लॅस्टरवर बसलेला हात तिथल्या रंगीत, वळणदार रेषेसमोर बसवावा लागला असणार. १८९६ मध्ये गणपतराव म्हात्रे यांनी विद्यार्थिदशेत ‘मंदिरपथगामिनी’ हा पुतळा केला. देवळाकडे निघालेली नऊवारीतली तरुणी. साहित्य तेच प्लॅस्टर, शिक्षण तेच युरोपीय. पण लुगड्याच्या चुण्या इथल्या. ग्रीक देवतांच्या वस्त्रांच्या घड्या बघून तयार झालेला डोळा त्यांनी नऊवारीकडे वळवला.

नक्कल करणाऱ्याने ‘का’ विचारलं, की असं होतं.

तीन कागद

यासाठी आर्टचेच स्टुडंट असायला हवं, असं नाही. इंजिनीअरिंग करा नाहीतर कॉमर्स, शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएट दिली असेल किंवा नसेल, एक रविवार काढा. मुंबईत असाल तर एशियाटिकच्या पायऱ्यांवर नुसतं बसून फोटो काढण्याऐवजी त्या डोरिक खांबांकडे बघा, किंवा फ्लोरा फाउंटनला जा. वर उभी आहे ती फुलांची रोमन देवी, १८६४ पासून ट्रॅफिक बघतेय. बाकी गावोगावी चौकात एखादा पुतळा असतोच.

तीन कागद घ्या. पहिल्यावर फ्लॅक्समनसारखी फक्त रेघ, शेडिंग बंद. दुसऱ्यावर प्रुदॉनसारखं फक्त सावली आणि उजेड, आउटलाइन बंद. जमलं तर रंगीत कागद आणि पांढरा खडू वापरा. तिसऱ्यावर दाविदसारखं करा. आधी जसंच्या तसं आणि शेजारी तुमचा सॉस लावून. मग तिन्ही शेजारी ठेवा. प्रत्येक कागदावर काय गेलं आणि काय राहिलं, ते लिहून काढा. चित्र वाईट आलं तरी चालेल, यादी मात्र खरी करा.

मीही केलं. त्याच प्लॅस्टरच्या डोक्यासमोर, फोन बॅगेत ठेवून. रेघेचं चित्र करताना पहिल्यांदा लक्षात आलं, की त्याचं उडालेलं नाक मी आधीच्या चित्रात नकळत दुरुस्त करून टाकलं होतं. एवढं झूम करूनही! ‘जसंच्या तसं’ काढलं म्हणून भांडणाऱ्या माणसाने पुतळ्याचं नाकच बदललं होतं.

या वेळी तुटलेलं नाक तुटलेलंच ठेवलं आणि त्याच्या शेजारची सावली मुद्दाम काळी केली, म्हणजे बघणाऱ्याची नजर आधी तिथे जाईल. सरांनी चित्र हातात घेतलं आणि पुन्हा तोच प्रश्न विचारला. ‘‘ही एवढी काळी का?’’

‘‘मला हवी होती, सर.’’

मार्क पहिल्या चित्राइतकेच पडले. पण घरी भिंतीवर हे दुसरंच लावलंय.